झाडापर्यंत आणि परत

संक्रांत जवळ आली की आमच्या घरात दोन गोष्टी न चुकता होतात. मी तीळ भाजायला घेते आणि आमचे हे बहारीनची सायकल बाहेर काढतात. खरी सायकल नव्हे, सायकलची गोष्ट. हळदीकुंकवाला आलेल्या बायका सतरंजीवर टेकल्या रे टेकल्या, की कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज येतो, "आमच्या मंगलनं अख्खं बहारीन सायकलवर पालथं घातलंय, माहितीय का तुम्हाला?" बायका "अय्या, हो?" म्हणतात. मी वाणाच्या डब्या वाटत राहते. यांनी ती गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की ऐकणारीला वाटावं, सायकल यांनीच मारली आणि मी मागं कॅरिअरवर बसून होते.

परवा सोलापुरात बरी थंडी पडली. सकाळी गच्चीत कपडे वाळत घालत होते, तर उत्तरेकडून कोरडा वारा सुटलेला. चादर हातातून ओढून नेईल असा. दुसरी कुणी म्हणाली असती, काय छान हवा आहे! माझ्या मात्र तोंडाला आपोआप वाळूची चव आली. इतकी वर्षं झाली, नातवंडं झाली, पण तो वारा सुटला की माझं डोकं फिरतं ते फिरतंच.

बहारीनची थंडी म्हणजे आधी कानाला कळायची. आठ-नऊ महिने रात्रंदिवस घरघरणारा एसी एक दिवस बंद व्हायचा आणि घरात एवढी शांतता पसरायची की शेजारच्या मल्याळी बाईची फोडणी ऐकू यायची. मग खिडक्या उघडायच्या. आम्ही राहायचो त्या गुदैबिया भागातल्या दाटीवाटीच्या गल्लीतून बेकरीतल्या रोटीचा, ओल्या भिंतींचा, समुद्राचा असा मिळून एक वास वर यायचा. संत्र्यांचे ढीग लागायचे. बहारिनी लोक आपापले तंबू घेऊन दक्षिणेकडच्या मोकळ्या रानात महिना-महिना राहायला जायचे. आणि आमच्या मराठी मंडळातल्या पुरुषांना मर्दुमकीची आठवण व्हायची.

म्हणजे असं, की दर थंडीत मंडळाची सहल निघायची. बेटाच्या खालच्या अंगाला, वाळवंटात, एक झाड आहे. आसपास पाणी नाही, दुसरं झाड नाही, आणि हे आपलं शेकडो वर्षं उभं आहे म्हणतात. त्या झाडापर्यंत पुरुषांनी सायकली मारायच्या आणि बायकांनी डबे घेऊन गाड्यांतून मागून जायचं. पुरुष पोचले की टाळ्या वाजवायच्या, मग त्यांना वाढायचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगतेय मी, पेशव्यांच्या काळातली नव्हे.

मी बार्शीकडची. आमचं गाव बार्शीपासून आठ मैल, मधे नुसता माळ. डी.एड.ला असताना दोन वर्षं मी तो माळ रोज सायकलनं तुडवला, सहावारी नेसून. लग्न झालं आणि यांच्याबरोबर बहारीनला आले. हे ठाण्याचे, एका कंपनीत अकाउंटंट. हुशार, निर्व्यसनी, चारचौघांत हसतमुख. माझ्या आईला तर जावई किती गोड बोलतो याचंच अप्रूप. ते गोड बोलणं अंगाला कसं चिकटतं, हे तिला कुठं ठाऊक होतं!

त्या वर्षी ईसा टाउनमधल्या एका छोट्या शाळेत बालवर्गाला बाई हव्या होत्या. मी यांना न विचारता जाऊन आले. मुख्याध्यापिका गोव्याच्या, पांढऱ्या केसांच्या, मराठी समजायच्या पण बोलायच्या इंग्रजीत. मी त्यांच्यासमोर पोरांना गाणं शिकवून दाखवलं, आणि बाई चष्मा काढून हसायला लागल्या. "जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या शनिवारपासून या," म्हणाल्या. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात वर्ग सजवून मोकळी झाले होते. खिडकीत काय टांगायचं, पहिल्या दिवशी कुठली साडी, सगळं.

यांनी 'नाही' म्हटलं नाही. यांनी आयुष्यात कधीच 'नाही' म्हटलेलं नाही. "बघू," म्हणाले. तिथं अरबी माणूस 'इंशाल्ला' म्हणतो, तसं यांचं 'बघू'. मग एकेक अडचण निघायला लागली. घराकडं कोण बघणार? माझी गाडी तर उलट्या दिशेला जाते. टॅक्सीनं रोज जाशील का? आणि बस कुठे धड आहे?

"सायकलनं जाईन," मी म्हटलं.

हे एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडं होतं. तिथल्या घरांत हळदीकुंकू नुसतं बायकांचं कुठलं व्हायला! नवरे गाडीतून सोडायला यायचे आणि आतल्या खोलीत पत्ते कुटत बसायचे. उखाण्यांची वेळ झाली की त्यांनाही बाहेर ओढायचं, जोडीनं नाव घ्यायला लावायचं, असा आमचा रिवाज. माझी पाळी आली. मी आठवडाभर आधीच जुळवून ठेवलं होतं.

"तीळ भाजले, गूळ विरघळला, पाक झाला तय्यार,
सुधाकररावांचं नाव घेते, मी नोकरीला जाणार!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. चारचौघांत विचारलं की माणसाला टोलवता येत नाही, असा माझा हिशेब. हे दारात उभे होते, हातात पत्ते. एक क्षण कपाळाला आठी पडली, आणि लगेच हसू. हजरजबाबी तर पहिल्यापासूनच.

"समुद्रात मासा, खजुराला काटा,
मंगलनं झाडापर्यंत सायकल मारावी, मग मोकळ्या शाळेच्या वाटा!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! कुणी म्हणालं, सुधाकर, लेका कवी झालास. कुणी म्हणालं, वहिनी, घ्या आता. मी हसले नाही. मी म्हटलं, "शब्द?" हे म्हणाले, "शब्द!" आणि तिळगूळ तोंडात टाकला.

आमच्या गावात शब्द म्हणजे शब्द. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, बैठकीत एकदा बैल द्यायचं कबूल केलं, दुसऱ्या दिवशी जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक आलं तरी पहिल्यालाच दिला. मी त्या घरातली. चारचौघांत, हातात हळदीकुंकवाचं तबक असताना बोललेलं खोटं कसं असेल, असं मला वाटलं. आता कुणी मूर्ख म्हणेल. म्हणा.

सायकल दिली हुसेनभाईंनी. राजापूरकडचे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कोल्ड स्टोअर. किराण्याच्या दुकानाला तिथं कोल्ड स्टोअर म्हणतात. सामान पोचवायची त्यांची एक जाड काळी सायकल होती, पुढं लोखंडी जाळी. तिकडं सुट्टी शुक्रवारची, सहलही त्याच दिवशी. पहाटे मी गेले तर सायकल पुसून तयार.

"वैनी, हवा फुल मारलीय. ब्रेक तेवढा धीरानं दाबा, तो माझ्यासारखाच म्हातारा झालाय. नि सायकल परत आना हां."

"इंशाल्ला," मी म्हटलं.

"अगो, इंशाल्ला नको म्हनू! इथं इंशाल्ला म्हनजे कायम नाय!"

मी पंजाबी ड्रेस घातला होता, पायात यांचे जुने बूट, डोक्याला घट्ट ओढणी. पाच-सहा पुरुष, सगळ्यांच्या गिअरच्या सायकली, आणि मागं मी. यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "खरंच येतेयस?" मी पायडल मारलं.

जातानाचा तो रस्ता! खोटं कशाला बोलू, तेवढे दोन-अडीच तास मी आयुष्यात पुन्हा जगले नाही. रिफा मागं पडलं, अवालीची हिरवी झाडं मागं पडली, आणि मग एकदम सगळं उघडं. दोन-चार दिवसांपूर्वी पाऊस शिंपडून गेला होता, त्यानं वाळूवर बारीक हिरवी लव उगवलेली. खुरटी झुडपं. मान खालीवर करणारे तेलाचे पंप. रस्त्याच्या कडेनं पळणारे पाइप. दूरवर पांढरे तंबू आणि त्यांच्या शेकोट्यांचा धूर. बाकी नुसतं आभाळ. मला माझा माळ भेटला हो! फक्त त्या माळावर ज्वारी नव्हती एवढंच. मी मोठ्यानं बालवर्गाची गाणी म्हणत चालले होते, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

पुरुष मंडळी पुढं आरडाओरडा करत होती. हे मधूनच मागं वळून ओरडायचे, "बघ, अजून दम आहे माझ्या पायांत!" पायांचं काही नव्हतं. वारा पाठीवर होता. उत्तरेचा वारा, सगळ्यांना अलगद ढकलत दक्षिणेला घेऊन चाललेला. पाठीवरचा वारा कळत नाही, ही त्याची गंमत. माणसाला वाटतं, आपणच दमदार. अण्णा म्हणायचे, जाताना सायकल हलकी लागली तर खूश होऊ नको पोरी, यायचं पण असतंय. तेव्हा ते फक्त सायकलबद्दल बोलतात असं वाटायचं.

झाड आलं. वाळूच्या उंचवट्यावर, फांद्या जमिनीला टेकलेल्या. जवळ जाऊन पान बघितलं तर शमीच की! आपल्या दसऱ्याची शमी. पांडवांनी अज्ञातवासात जिच्यावर शस्त्रं ठेवली ती. मी खोडाला हात लावला आणि यांच्याकडं वळले. सगळी मंडळी, मागून आलेल्या बायका, हुसेनभाई पिकअपमधून भाताचं पातेलं उतरवत होते ते, सगळे ऐकत होते.

"अहो, झाड आलं."

"आलं की! शाब्बास!" हे म्हणाले. "पण परत कोण जाणार? झाडावर बिऱ्हाड करतेस का?"

पुन्हा हशा. मसालेभाताच्या वाफेबरोबर हशा. उखाण्यात 'परत' कुठं होतं, मी विचारलं. "अगं, ते गृहीत असतं," म्हणाले. बरं, मी म्हटलं. परत तर परत.

जेवणं होईतो वारा चढला. ताटल्या उडायला लागल्या, बायका पदर सावरत गाड्यांत शिरल्या. पुरुषांनी एकमेकांकडं बघितलं. सकाळी ज्यांच्या पायांत दम होता, त्यांच्यातल्या कुणाचा गुडघा धरला होता, कुणाला घरी पाहुणे यायचे होते. सगळ्या गिअरच्या सायकली हुसेनभाईंच्या पिकअपमध्ये आडव्या पडल्या. आमच्या ह्यांची सगळ्यात आधी.

मी ओढणी पुन्हा बांधायला घेतली तर कुलकर्णी वहिनी जवळ आल्या. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायच्या, माझ्याहून मोठ्या. "मंगल, शोभा करून घेऊ नकोस गं. पुरुषांच्या चेष्टा अशा मनावर घ्यायच्या नसतात." चांगल्या होत्या बिचाऱ्या. मला जाताना दोन संत्री दिली. पण चेष्टा पुरुषांची आणि शोभा आपली, हा नियम कुणी केला, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

येतानाचं काय सांगू? वाऱ्यानं छातीवर हात ठेवून मला मागं लोटलं. त्या जाड सायकलची पुढची जाळीसुद्धा शीळ घालत होती. वाळू दातांत, वाळू कानांत, डोळे उघडले की पाणी. उतरून ढकलावं तरी वारा तेवढाच. थोड्या वेळानं शेजारी एक गाडी हळू झाली. काच खाली आली. आत हे, हातात गुळाच्या पोळीचा तुकडा.

"मंगल, पुरे झालं आता. बस आत."

"तुम्ही शब्द दिलाय."

"अगं, आजारी पडशील."

"शब्द दिलाय तुम्ही."

यांनी पोळीचा घास चावला. "बरं बाई, तुझी मर्जी. मी पुढं होतो." काच वर गेली, गाडी गेली. मला राग नाही आला तेव्हा. उलट बरं वाटलं. वाटलं, मानलं यांनी. अडवलं नाही म्हणजे मानलंच की!

पुढं एका तंबूतून एक म्हातारी धावत रस्त्यावर आली. अंगातला पायघोळ काळा अबाया वाऱ्यानं फडफडतोय, दोन्ही हातांनी मला थांबवतेय. "ताली, ताली!" म्हणजे ये, ये. मला आत नेऊन आल्याचा चहा दिला, खजूर दिले, ओढणीतली वाळू स्वतःच्या हातानं झटकली. तिकडच्या जुन्या माणसांना मोडकंतोडकं हिंदी यायचं. "आदमी किधर?" तिनं विचारलं. मी पुढं बोट केलं, "गाडी में." तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. "आदमी गाडी में, हुर्मा सैकल पे!" हुर्मा म्हणजे बाई. मग तिच्या लेकीसुनाही हसायला लागल्या आणि मीही. कुठं चाललीस म्हणून विचारलं तर मी म्हटलं, "मदरसा. टीचर." तिकडं कुठल्याही शाळेला मदरसाच म्हणतात. झाले नव्हते अजून. पण मी छाती पुढं काढून सांगितलं, टीचर. म्हातारीनं माझ्या गालाला हात लावला आणि खिशात खजूर कोंबले.

रिफाच्या चढावर माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. रस्त्याच्या कडेला बसून रडले जरा. मग संत्रं खाल्लं. गाड्या हॉर्न देत होत्या, एकदोघांनी ओरडून काहीबाही म्हटलंही. मी मनात पोरांची हजेरी घेत होते. अजून एकाही पोराचं नाव ठाऊक नव्हतं, तरी घेत होते. त्या शाळेच्या फाटकावरून गेले तेव्हा घंटीच वाजवली मुद्दाम. शुक्रवारी तिथं कोण असणार!

मगरिबची, सूर्यास्ताची अजान होत होती तेव्हा गुदैबियात शिरले. हुसेनभाई दुकानाच्या पायरीवर उभेच. त्यांनी गल्लीभर ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "यल्ला! खलास! जिंकली आमची वैनी!" थंडगार पेप्सीची बाटली हातात दिली. जिना चढताना मी कठड्याला धरून चढले. दार यांनी उघडलं. अंघोळ करून, इस्त्रीचा लेंगा घालून ताजेतवाने.

"आलीस? वा! दमली असशील ना," म्हणाले. "चहा टाकतेस का थोडा? मीपण घेईन."

मी टाकला चहा. आनंदात टाकला, आलं किसून. त्या रात्री मला अशी झोप लागली की अंग दुखतंय हेही कळलं नाही.

शनिवारी सकाळी हे कामावर गेल्यावर मी निळी साडी नेसले. हुसेनभाईंची सायकल पुन्हा मागितली. पाय हलत नव्हते तरी शाळेपर्यंत गेले. मुख्याध्यापिका बाईंनी मला दारात बघितलं आणि त्यांचा चेहरा गोंधळला. त्यांनी बसायला सांगितलं. म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांचा काल दुपारी माझ्या घरी फोन आला होता. फार सभ्य गृहस्थ. घरगुती कारणानं तुम्हाला जमणार नाही म्हणाले, फार माफी मागितली. मी कालच दुसऱ्या बाईंना हो म्हणून बसले. त्या वर्गात असतीलही एव्हाना.

आतून पोरांचा कलकलाट येत होता. मी उठले. बाई विचारत होत्या, तुम्हाला माहीत नव्हतं का? मी म्हटलं, होतं. म्हणजे नवऱ्याची लाज राखली. बघा ना! त्या क्षणीही तेवढंच सुचलं.

संध्याकाळी मी यांच्यासमोर उभी राहिले. "शब्द दिला होता तुम्ही, चारचौघांत."

हे आधी हसलेच. मग माझा चेहरा बघून थोडे गंभीर झाले. "अगं वेडे, उखाण्यातलं कुणी खरं धरतं का? शब्द कसला? ते यमक होतं."

यमक! काटा आणि वाटा. त्यासाठी मी ती वाळू खाल्ली.

पुढं आम्ही तिथं पुष्कळ वर्षं राहिलो. मुलगा झाला, त्याची शाळा झाली. मी घरी शिकवण्या घेतल्या, त्याला हे 'मंगलचा टाइमपास' म्हणायचे. वाईट माणूस नाहीत हो. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, माझ्या दुखण्याखुपण्यात रात्ररात्र जागलेत. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही. सांगायला गेलं तर समोरची म्हणते, एवढंच ना?

यंदाही बायका आल्या. यांची गोष्ट सुरू झाली. झाड, वारा, काळी सायकल, म्हातारीचा चहा. ते मीच कधीतरी सांगितलेलं, आता यांच्या तोंडी. शेवटी नेहमीचं, "मी किती म्हटलं, बस गाडीत! पण ऐकेल तर शपथ!" समोरच्या घरातली नवी सून, बँकेत नोकरी करणारी, म्हणाली, "काकू, उखाणा घ्या ना." मी म्हटलं, उखाण्यांची मला हौस नाही. त्यावर खुर्चीतून आवाज आला, "एके काळी फार होती!"

मनात मात्र एकच प्रश्न घोळतो, वर्षानुवर्षं. तो फोन झाला तेव्हा मी कुठं होते? गाडीची काच वर गेली, त्यानंतर घर गाठायला यांना कितीसा वेळ लागला असेल? मी पाइपांच्या रस्त्यावर वाऱ्याशी झटत होते तेव्हा? रिफाच्या चढावर रडत होते तेव्हा? की मी छाती पुढं काढून त्या म्हातारीला 'टीचर' म्हणाले, त्याच्याही आधी?

विचारलं तर हे सांगतीलही. यांना वेळा चोख लक्षात असतात. पण मी विचारत नाही, आणि विचारणारही नाही. कारण माहीत नाही तोवर त्या रस्त्याचा काही तुकडा असा उरतो, की जिथं मी वाऱ्याच्या तोंडावर सायकल मारत होते आणि ती नोकरी अजून माझी होती. तो तुकडा लहान की मोठा, ते यांच्याकडून मला ऐकायचं नाही.